फ्रेम करून घेताय? आधी चाकाचं माप ठरवा

चाकाचा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. फ्रेमचा रंग ठरलेला असतो, नळ्या कुठल्या ते ठरलेलं असतं, हँडल सरळ की ड्रॉप यावर मित्रमंडळींत भरपूर चर्चा झालेली असते. मग मला फोन येतो, "ताई, चाकं सातशेचीच बांधायची ना?" मी साताऱ्यात सायकलची चाकं बांधून देते. रिम, हब आणि तारा लोक आणून देतात, मी तारा भरून, आउट काढून चाक तयार करते. या फोनला माझं उत्तर ठरलेलं आहे: फ्रेमवाल्यानं अजून नळ्या कापल्या नसतील तर तुमची उंची सांगा आणि कुठल्या रस्त्यानं जाणार ते सांगा, मग बोलू.

कारण तयार सायकल घेताना चाक जे येईल ते येतं, पण फ्रेम नव्यानं करून घेताना हा निर्णय तुमच्या हातात असतो. चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची) लांबी, चेनस्टेची (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांची) लांबी, बीबी (पेडलचे हात जिथे फिरतात तो फ्रेमचा सांधा) किती खाली, पुढच्या नळीचा कोन, सगळं चाक धरून काढलं जातं. फ्रेम रंगून आल्यावर यातलं काहीच बदलत नाही.

इंच बाजूला ठेवा, टायरची कड वाचा

घरात असेल ती सायकल उजेडात घ्या आणि टायरच्या कडेवरून ओल्या फडक्यानं एकदा पुसून घ्या. रबरातच उठवलेले दोन आकडे दिसतील, मध्ये आडवी रेघ: ४७-५५९, ३८-६२२, असे. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे रिमवर टायरची आतली कड जिथे बसते त्या वर्तुळाचा व्यास. कुठला टायर कुठल्या रिमवर चढेल हे फक्त दुसरा आकडा सांगतो. इंचांवर विसंबून टायर मागवू नका.

सातशे सी म्हणजे ६२२. एमटीबीवाले, म्हणजे डोंगरी सायकलवाले, ज्याला २९ इंची म्हणतात तेसुद्धा ६२२च. साडेसहाशे बी आणि २७.५ इंची ही दोन्ही ५८४. नेहमीची २६ इंची एमटीबी ५५९. आणि दूधवाल्यांची, पेपरवाल्यांची जी काळी सायकल, २८×१½ वाली, तिची रिम ६३५. म्हणजे २८ इंची काळ्या सायकलची रिम २९ इंची एमटीबीच्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरनं मोठी निघते!

सगळ्यात जास्त घोळ २६च्या आकड्यात आहे. २६×१.७५ म्हणजे ५५९, २६×१¾ म्हणजे ५७१, २६×१½ म्हणजे ५८४ आणि २६×१⅜ म्हणजे ५९०. चारही टायरवर "२६" लिहिलेलं, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. फ्रेमवाल्याला, रिमवाल्याला आणि मला, तिघांनाही तुम्ही ५५९, ५८४, ६२२ अशाच भाषेत सांगितलंत तर सगळ्यांच्या डोक्यात एकच चाक राहील.

ही मापं कुणी गणित मांडून काढलेली नाहीत, हेही माहीत असावं. ५५९ हे माप अमेरिकेत श्विन कंपनीनं १९३३ साली आणलेल्या फुगीर टायरचं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मुलांनी त्याच जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडल्या, आणि एमटीबी म्हणजे २६ इंच हे समीकरण झालं. २९ इंची एमटीबी शक्य झाली ती १९९९मध्ये डब्ल्यूटीबी कंपनीनं ६२२च्या रिमवर बसणारा जाड टायर काढला म्हणून. फ्रान्समधल्या जुन्या प्रवासी सायकलींचं ५८४ हे माप फ्रेम बनवणारे कर्क पसेंटी यांनी २००७मध्ये एमटीबीसाठी पुन्हा बाजारात आणलं. हाताशी जो टायर होता त्यावरून चाक ठरत गेलं. म्हणून एखादं माप "आधुनिक" आणि दुसरं "जुनाट" असं कुणी सांगू लागलं तर मी ते मनावर घेत नाही.

पहिला प्रश्न रस्त्याचा

टायर किती रुंद हवा ते आधी ठरवा. हायवेच्या कडेनं ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या) करायच्या, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, एवढाच बेत असेल तर २८ किंवा ३२ मिलिमीटर पुरतात. पण आपल्याकडे हायवे सोडला की रस्ता बदलतो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जा, तोवर ठीक. पुढे बामणोलीकडे उतरताना खड्डे, खडी, पावसाळ्यानंतर वाहून आलेली माती. कोकणात सागरी मार्गानं जायचं म्हटलं की दाभोळहून धोपाव्याला जेट्टीनं पार व्हायचं, पुढे तवसाळहून जयगडला, आणि मधल्या आडरस्त्यांवर जांभ्याचे उघडे दगड. तिथे २८चा टायर म्हणजे रिमला ठोके, मनगटांना मुंग्या आणि वारंवार पंक्चर.

महाराष्ट्रात सामान घेऊन फिरायचं असेल तर ३८च्या खाली जाऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते. ४२ ते ४७ उत्तम. रुंद टायर मऊ हवेवर चालतो, खडबडीत रस्त्यावर उसळत नाही, त्यामुळे अशा रस्त्यावर तो मुळीच मंद पडत नाही. फक्त तो हलक्या, लवचीक कडांचा घ्या. एमटीबीचा जाड गोट्यांचा टायर डांबरी रस्त्यावर खरोखरच जड जातो.

आता बेरीज करा. रिमच्या आकड्याचा अर्धा अधिक टायरची रुंदी, म्हणजे चाकाची साधारण त्रिज्या. २८-६२२ची ३३९ येते. ४७-५८४चीही ३३९च येते. म्हणजे साडेसहाशे बीच्या रिमवर जाड टायर चढवला की बाहेरून चाक रेसिंग सायकलीएवढंच होतं. ३८-६२२ मात्र ३४९ होते, ४२-५८४ ची ३३४ आणि ४७-५५९ ची साडेतीनशेच्या बरीच खाली, ३२६.५. पुढचं सगळं या बाहेरच्या मापावर अवलंबून आहे, म्हणून ३४९, ३३४ आणि ३२६.५ हे तीन आकडे लक्षात असू द्या.

दुसरा प्रश्न तुमच्या उंचीचा, आणि यावर मी हटून बसते

माझी उंची पाच फूट एक इंच. आपल्याकडे माझ्याएवढ्या, माझ्याहून बुटक्या बायका घरोघरी आहेत, पुरुषही आहेत. तरी दुकानात सगळ्यात लहान फ्रेम मागितली तर तिला चाक सातशेचंच असतं. ते चाक त्या फ्रेममध्ये मावत नाही, ते मावून घेतलेलं असतं. पुढचं चाक पायाला लागू नये म्हणून हेड अँगल, म्हणजे पुढच्या नळीचा कोन, पाडलेला असतो, त्यामुळे सावकाश चालवताना हँडल एका बाजूला झुकतं. सीटची नळी उभी केलेली असते, त्यामुळे कागदावर वरची दांडी आखूड दिसते पण हँडल गाठायला हात ताणावेच लागतात. चिमटा लांब, त्यामुळे हँडल हवं तेवढं खाली येत नाही. मग बाई म्हणते, मान दुखते, हात दुखतात, सायकल मला जमत नाही. सायकल तिच्या मापाची नाही, हे तिला कुणीच सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

पाय चाकाला लागतो का हे तपासणं सोपं आहे. दुकानात, मित्राच्या सायकलवर, कुठेही करा. कुणाला तरी सायकल धरायला सांगा. सीटवर बसा, नेहमीचे बूट घाला, तळव्याचा पुढचा उंचवटा पेडलच्या दांड्यावर ठेवा. क्रँक, म्हणजे पेडलचा हात, जमिनीला समांतर, तो पाय पुढे. आता हँडल त्याच पायाच्या बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला सावकाश वळवा. टायरचा मागचा भाग बुटाच्या टोकाला घासला की समजा. मडगार्ड बसवल्यावर आणखी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जातं, हे धरून चाला. दोन्ही पायांनी पाहा.

वेगात असताना हँडल फार वळतच नाही, त्यामुळे तेव्हा काही होत नाही. अडचण येते ती सावकाश चालताना: घाटातल्या चढाच्या वळणावर, यू टर्न घेताना, पोवई नाक्यासारख्या गर्दीत रिक्षा चुकवताना. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा पाय पटकन जमिनीला टेकवायला हवा असतो. सामान लादलेली सायकल असेल तर सरळ आडवी होते.

कागदावर हे असं दिसतं. लहान फ्रेममध्ये बीबीपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत साधारण ५७५ मिलिमीटर अंतर धरू. त्यातून क्रँकचे १६५ आणि पेडलच्या पुढे येणाऱ्या बुटाचे १०० वजा करा, ३१० राहतात. ३८-६२२च्या चाकाची त्रिज्या ३४९. म्हणजे बूट आणि चाक एकमेकांच्या हद्दीत जवळजवळ ४ सेंटिमीटर शिरलेले. तेच ४७-५५९ घेतलं तर टायर ९ मिलिमीटरनं रुंद होऊनही त्रिज्या ३२६.५. क्रँक १५५ची घेतली, जी माझ्या उंचीला तशीही योग्य, की ३१०चे ३२० होतात. उरलेला थोडा फरक फ्रेमवाला कोन न बिघडवता सहज काढू शकतो. हाच प्रयत्न ६२२वर केला तर तो काढता येत नाही, फक्त दुसरीकडे ढकलता येतो.

हे मी एकटीच म्हणते असं नाही. अमेरिकेत जॉर्जेना टेरी यांनी १९८५मध्ये बायकांसाठी सायकलींची कंपनी काढली, तेव्हा लहान फ्रेमना मागे सातशेचं आणि पुढे मुद्दाम २४ इंची चाक दिलं. सर्ली कंपनीची लाँग हॉल ट्रकर ही प्रवासी सायकल आली तेव्हा लहान मापांत ती २६ इंची चाकांवरच होती, सातशेचं चाक ५६ आणि त्यावरच्या फ्रेमना. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या शर्यतीच्या नियमांतही टायर धरून चाकाचा व्यास ५५ ते ७० सेंटिमीटर चालतो. लहान चाक म्हणजे मुलांची सायकल, ही समजूत सोडून द्या.

माझा हिशोब असा: १६० सेंटिमीटरच्या खालची उंची आणि रुंद टायर असेल तर ५५९. १६० ते १७० असेल तर ५८४. १७५च्या वर बिनधास्त ६२२. १७० ते १७५च्या लोकांनी ३२पर्यंतचाच टायर घालायचा असेल तर ६२२, त्याहून रुंद आणि मडगार्डही हवा असेल तर ५८४चा विचार करावा. पायांची आणि धडाची लांबी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे सीमारेषेवरच्या माणसानं वरची बुटाची परीक्षा करूनच ठरवावं.

मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, हे खरं. पण ६२२ आणि ५५९ यांच्या त्रिज्येत फरक ३१.५ मिलिमीटरचा, आणि रुंद टायर त्यातला काही भरून काढतो. सायकल अंगाला बसलेली असण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे.

चढाचं काय? लहान चाकाला तोच गिअर हलका पडतो. पुढे २८ आणि मागे ३४ दाते धरले तर ३८-६२२ एका फेऱ्यात १.८१ मीटर पुढे जातं, ४७-५५९ १.६९ मीटर. कोकणातले चढ लांब नसतात पण भिंतीसारखे उभे येतात, तिथे हा साडेसहा टक्क्यांचा फरक गुडघ्यांना कळतो. उताराला वरचा गिअर कमी पडेल असं वाटलं तर पुढची चकती दोन दात्यांनी मोठी घ्या.

ब्रेक कुठला, हे चाकाबरोबरच ठरतं

रिम ब्रेक असेल तर निर्णय कायमचा. व्ही ब्रेकचे खुंट फ्रेमला रिमच्या उंचीवर जोडलेले असतात, आणि ६२२ ते ५८४ हा १९ मिलिमीटरचा फरक ब्रेक पॅड वरखाली सरकवून भरून निघत नाही. डिस्क ब्रेक असेल तर एकाच फ्रेमला दोन जोड्या ठेवता येतात: ब्रेव्हेसाठी ३२-६२२, कोकणासाठी ४७-५८४. त्रिज्या ३४३ आणि ३३९, म्हणजे सायकलची उंची ४ मिलिमीटरनंच बदलते. मध्यम उंचीच्या आणि दोन्ही प्रकारचं सायकलिंग करणाऱ्या माणसासाठी मला हा मार्ग सगळ्यात पटतो. मात्र फ्रेमवाल्याला पहिल्याच दिवशी दोन्ही मापं द्या. चेनस्टेमध्ये टायर सर्वांत रुंद कुठे येतो ती जागा दोन्ही चाकांना वेगवेगळी असते, आणि तिथेच क्रँकची चकतीही जवळ येते.

आडगावात काय मिळतं

टायर फाटला तर तो कुठे मिळेल, हा प्रश्न प्रवासी सायकलला विचारलाच पाहिजे. काळ्या सायकलचा ६३५चा टायर अजून खेड्यात मिळतो, पण त्यासाठी कुणी नवी फ्रेम करणार नाही, चांगल्या रिमाच नाहीत. ५५९चा टायर तालुक्याच्या गावात मिळतो, कारण मुलांच्या एमटीबी सगळीकडे आहेत. जड असेल, साधा असेल, पण घरी आणेल. २७.५च्या एमटीबी वाढल्यापासून ५८४ही दिसू लागला आहे, पण तो ५० मिलिमीटरच्या पुढचा आणि गोट्यांचा. तुमच्या फ्रेममध्ये ५२ मावत नसेल तर तो असून नसल्यासारखा. ६२२ मोठ्या शहरांत हवा तसा मिळतो, आडगावात क्वचित.

उलटी बाजूही सांगते. चांगल्या प्रतीचे हलके ५५९ टायर आणि रिम कंपन्या कमी करत चालल्या आहेत. ५५९ घेणार असाल तर आवडीच्या टायरची एक जोडी घरात जास्तीची ठेवा, अंधाऱ्या कोरड्या जागी. ट्यूबची काळजी नको, ५८४ची ट्यूब वेळप्रसंगी ५५९ आणि ६२२ दोन्हींत चालून जाते.

रिम घेताना व्हॉल्व्हचं भोक ८.५ मिलिमीटरचं घ्या. त्यात मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह बसतो, आणि मग रस्त्यावरच्या कुठल्याही टायरच्या दुकानात हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हची ट्यूब घालायची झाली तर भोकात रबरी बुच बसवता येतं. ६.५च्या भोकात मात्र जाड व्हॉल्व्ह जात नाही, आणि भोक मोठं करायला रिम माझ्याकडे आणली तर मी करून देत नाही. अरुंद रिम तिथे कमकुवत होते.

तारांचं थोडक्यात: सामान न्यायचं असेल तर मागे ३६, पुढे ३२ किंवा ३६. तेवढ्याच तारांचं लहान चाक जास्त मजबूत होतं, कारण तारा आखूड आणि त्यांचा कोन रुंद. वजनदार माणसाला ५५९वर बांधलेलं ३६ तारांचं चाक दिलं की माझी काळजी संपते.

फ्रेमवाल्याला काय लिहून द्यायचं

चाक ठरलं की तीन गोष्टी बोलून घ्या. पहिली बीबी ड्रॉप, म्हणजे अ‍ॅक्सलच्या रेषेपासून बीबी किती खाली. ३८-६२२ला ७५, ४२-५८४ला ६० आणि ४७-५५९ला ५२ घेतला तर तिन्ही सायकलींची बीबी जमिनीपासून २७४च्या आसपास येते, आणि वळणावर पेडल टेकत नाही. सातशेच्या आराखड्यातला ७५चा आकडा तसाच ठेवून ५५९चं चाक घातलं तर बीबी २५२वर येते, आणि खडबडीत रस्त्यावर पेडल दगडांना लागतं.

दुसरी ट्रेल, म्हणजे पुढच्या नळीची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. ७२ अंशांचा हेड अँगल आणि ४५ मिलिमीटर पुढे वाकलेला चिमटा असेल तर ३८-६२२ला ती ६६ येते, ४७-५५९ला ५९. पुढच्या हँडलवर बॅग लावणार असाल तर कमी ट्रेल चांगलीच, पण फ्रेमवाल्यानं ती ठरवून कमी केलेली असावी.

तिसरी मोकळी जागा. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिलिमीटर, मडगार्ड लावणार असाल तर वर किमान १२. आपल्या लाल मातीचा चिखल मडगार्डमध्ये अडकला तर चाक जाम होतं, त्यामुळे मी १५ मागते.

आणि कागदावर "४७" लिहून थांबू नका. आत २५ मिलिमीटर रुंद असलेल्या रिमवर ४७चा टायर ४८-४९ भरू शकतो, १९च्या रिमवर ४५च राहतो. आधी चाकं बांधून घ्या, तुमचा टायर चढवा, हवा भरून रात्रभर ठेवा म्हणजे तो पूर्ण फुलेल, मग कॅलिपर लावून रुंदी आणि जमिनीपासून अ‍ॅक्सलची उंची मोजा. जमलं तर ते चाकच फ्रेमवाल्याकडे पोचवा. मागच्या नळ्या पक्क्या करण्याआधी त्यानं ते फ्रेममध्ये धरून, फिरवून पाहिलेलं असलं पाहिजे.